गाळ्यातली हवा एकच, मोजमाप मात्र सुटे सुटे

मुंबईत लाकडाला पॉलिश करणाऱ्या, चपलेला तळ चिकटवणाऱ्या किंवा गाडीला स्प्रेने रंग मारणाऱ्या कारागिराला तो कशाने काम करतो असे विचारले, तर उत्तर एका शब्दात मिळते : थिनर, नाहीतर सोल्यूशन. व्यवहाराला तो शब्द पुरतो. शरीराच्या दृष्टीने मात्र ही एक वस्तू नव्हे. थिनरच्या डब्यात साधारणपणे टोल्युइन आणि झायलीन असते, ब्युटाइल किंवा इथाइल ॲसिटेट असते, ॲसिटोन किंवा मिथाइल इथाइल कीटोन असते, पुष्कळदा मद्यार्काच्या जातीचा एखादा द्रव असतो. चिकटवण्याच्या सोल्यूशनमध्ये यांच्या जोडीला हेक्झेन असू शकते. कोणाचा वाटा किती, हे उत्पादकागणिक बदलते. डब्यावर ज्वालाग्राही असल्याची खूण ठळक असते, आत काय आणि किती आहे ते बहुधा नसते. कायदा आणि वैद्यकीय तपासणी या द्रवांचा एकेक करून विचार करतात, शरीर मात्र त्या सर्वांना एकाच वेळी सामोरे जाते. आणि या तफावतीमुळे कागदावर सुरक्षित ठरलेला कामगार प्रत्यक्षात सुरक्षित असतोच असे नाही, हे या लेखात मला मांडायचे आहे.

यांतले टोल्युइन, झायलीन, हेक्झेन यांसारखे द्रव चरबीत सहज विरघळतात. श्वासावाटे आणि काही अंशी त्वचेतून ते रक्तात उतरतात, मेंदूपर्यंत पोचतात, चरबीत साठतात. मूत्रपिंडाला ते आहेत त्या रूपात फारसे बाहेर टाकता येत नाहीत, कारण ते पाण्यात फारसे मिसळत नाहीत. म्हणून यकृत आधी त्यांचे रूप बदलते आणि त्यांना पाण्यात विरघळण्याजोगे करते. या कामाची पहिली पायरी सायटोक्रोम पी-४५० या कुळातील विकरे, म्हणजेच एन्झाइमे, पार पाडतात, आणि त्यांतही २ई१ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकराकडे द्रावकांचा, म्हणजे थिनरसारख्या विरघळवणाऱ्या द्रवांचा, मोठा भार असतो. टोल्युइनचे बेन्झाइल अल्कोहोल होते, त्याचे बेन्झोइक आम्ल होते, त्याला ग्लायसीन हे अमिनो आम्ल जोडले जाते आणि हिप्युरिक आम्लाच्या रूपाने ते लघवीतून बाहेर पडते. झायलीनचाही प्रवास याच वळणाने होऊन शेवटी मिथाइल हिप्युरिक आम्ल बनते. बेंझीन, हेक्झेन, ट्रायक्लोरोइथिलीन, डायक्लोरोमिथेन आणि आपल्या ओळखीचा मद्यार्क यांच्या रूपांतरातही हेच विकर कमीअधिक भाग घेते. खिडकी एक आणि रांगा अनेक, अशी ही स्थिती आहे. दोन द्रव पुरेशा प्रमाणात एकाच वेळी आले, तर दोघांचेही रूपांतर मंदावते आणि दोघेही रक्तात एरवीपेक्षा अधिक वेळ, अधिक प्रमाणात राहतात.

कॅनडातील संशोधकांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या संदर्भात मला फार महत्त्वाचा वाटतो. त्यांनी स्वयंसेवकांना टोल्युइन आणि झायलीन यांच्या मोजलेल्या वाफा एकत्र हुंगायला दिल्या. हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग टोल्युइन आणि ४० भाग झायलीन होते, तेव्हा एकाचा दुसऱ्यावर परिणाम दिसला नाही. हे प्रमाण अनुक्रमे ९५ आणि ८० भागांवर नेले, तेव्हा दोन्ही द्रवांची रक्तातील पातळी एकेकट्याने घेतल्यावर असते त्यापेक्षा वाढली आणि हिप्युरिक आम्ल बाहेर पडायला विलंब लागला. आता आपल्याकडचे आकडे पाहू. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या दुसऱ्या अनुसूचीत टोल्युइनची आठ तासांची सरासरी मर्यादा १०० भाग होती आणि झायलीनचीही १०० भाग होती. म्हणजे ज्या हवेने स्वयंसेवकांच्या शरीरातील चयापचय अडखळला, ती हवा आपल्या यादीतील प्रत्येक ओळीला स्वतंत्रपणे उत्तीर्ण झाली असती. एखाद्या निरीक्षकाने यंत्र लावून टोल्युइन ९५ आणि झायलीन ८० अशी नोंद केली, तर ओळीओळीने वाचणाऱ्याला त्यात उल्लंघन सापडणार नाही.

यावरचा उपाय नवा नाही. प्रत्येक द्रवाचे मोजलेले प्रमाण त्याच्या मर्यादेने भागायचे, आलेल्या अपूर्णांकांची बेरीज करायची, आणि ती १ च्या वर गेली तर हवा मर्यादेबाहेर आहे असे समजायचे, हे बेरजेचे सूत्र अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमावलीच्या मजकुरातच आहे. वरच्या प्रयोगातील पहिल्या हवेची बेरीज ०.९ येते आणि दुसरीची १.७५. परिणाम नेमका दुसऱ्या हवेत दिसला, ही गोष्ट मला या साध्या सूत्राच्या बाजूने बोलणारी वाटते. हे सूत्र विकरावरील स्पर्धेचे शास्त्र सांगत नाही, ते केवळ समान परिणामांची बेरीज करते, हे मान्य आहे. तरीही न मोजण्यापेक्षा ढोबळ मोजलेले बरे, आणि ज्याला पाचवीचे गणित येते त्याला ते मांडता येते.

मात्र बेरीजही जिथे अपुरी पडते, अशी उदाहरणे आहेत आणि ती अधिक चिंतेची आहेत. पश्चिम बर्लिनमध्ये १९७० च्या दशकाच्या मध्याला थिनर हुंगणाऱ्या तरुणांत एकाएकी हातापायांच्या नसा लुळ्या पडण्याचे रुग्ण दिसू लागले. ते आधीही थिनर हुंगत होते, त्या थिनरमध्ये आधीही हेक्झेन होते. बदल झाला होता तो मिश्रणात : मिथाइल इथाइल कीटोनची भर पडली होती आणि हेक्झेनचे प्रमाण उलट कमी झाले होते. हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि नसांना इजा तेच करते. मिथाइल इथाइल कीटोन एकट्याने नसा बिघडवत नाही, पण हेक्झेनच्या सोबतीला आले की ती इजा तीव्र करते. कॅलिफोर्नियात १९९९-२००० च्या सुमारास गाड्यांच्या गॅरेजमधील कारागिरांत असेच रुग्ण नोंदले गेले. ब्रेक साफ करण्याच्या तेथील स्प्रेमध्ये हेक्झेन आणि ॲसिटोन एकत्र होते. आपल्याकडे दिल्लीतील डॉक्टरांनी स्क्रीन प्रिंटिंग करणाऱ्या कामगारांत हेक्झेनमुळे झालेल्या नसांच्या विकाराची नोंद वैद्यकीय नियतकालिकात केलेली आहे. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरची गॅरेजे आणि ठक्करबाप्पा कॉलनीतील चपलांचे कारखाने डोळ्यांपुढे आणले, तर ही उदाहरणे परदेशातली किंवा परगावची राहत नाहीत.

दुसरी गुंतागुंत अशी की काही द्रव विकराला अडवतात, तर काही त्याचे उत्पादनच वाढवतात. मद्य पिऊन माणूस झिंगलेला असतो तेव्हा मद्यार्क खिडकी अडवून बसतो आणि टोल्युइन रक्तात साचते. पण वर्षानुवर्षे नियमित पिणाऱ्याच्या यकृतात हेच विकर प्रमाणाबाहेर वाढलेले असते, आणि ज्या द्रवाचे रूपांतर त्या द्रवाहून अधिक विषारी असते त्याच्या बाबतीत ही वाढ घातक ठरते. ॲसिटोनही असेच विकर वाढवते. अमेरिकेत आयसोप्रोपाइल अल्कोहोल बाटल्यांत भरण्याच्या एका कारखान्यात कार्बन टेट्राक्लोराइडची वाफ पसरली आणि कामगारांना यकृताचे व मूत्रपिंडाचे गंभीर विकार झाले, तेव्हा १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तपासणीने दाखवून दिले की आयसोप्रोपाइल अल्कोहोलमुळे कार्बन टेट्राक्लोराइडचा विषारीपणा वाढला होता. आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे शरीरात ॲसिटोनच होते.

या चित्राची दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. काही मिश्रणांत एक द्रव दुसऱ्याचा धोका कमीही करतो. टोल्युइन सोबत असेल तर हेक्झेनचे नसांना घातक रूपांतर मंदावते; बेंझीनच्या रूपांतरालाही टोल्युइन अडवते आणि बेंझीनचे दुष्परिणाम त्याच्या रूपांतरातून निर्माण होणाऱ्या पदार्थांमुळेच प्रामुख्याने होतात. शिवाय हवेतील प्रमाण खरोखरच कमी असेल, तर विकराला सर्वांसाठी पुरेशी सवड असते आणि परस्परांचा अडथळा नगण्य राहतो. म्हणून मिश्रण म्हटले की घाबरावे असा माझा आग्रह नाही. पण या सवलतीवर विसंबण्यासाठी दोन गोष्टी माहीत असाव्या लागतात : मिश्रणात काय आहे, आणि हवेत ते किती आहे. आपल्या गाळ्यांत या दोन्ही गोष्टी कोणालाच ठाऊक नसतात, मालकालासुद्धा नाही.

तपासणीची गोष्ट याहून बिकट आहे, आणि तिच्याविषयी जितके बोलायला हवे तितके बोलले जात नाही. टोल्युइनशी संबंध येणाऱ्या कामगाराच्या लघवीतील हिप्युरिक आम्ल मोजण्याची पद्धत जुनी आहे. हे आम्ल कमी आले की शरीरात टोल्युइन कमी गेले, असा तिचा अर्थ लावला जातो. पण जिथे झायलीनने किंवा मद्यार्काने रूपांतरच रोखून धरले आहे, तिथे हिप्युरिक आम्ल कमी येईल ते टोल्युइन कमी आहे म्हणून नव्हे, तर ते अजून रक्तात आणि मेंदूत आहे म्हणून. म्हणजे अहवाल ज्या क्षणी दिलासा देतो, त्याच क्षणी धोका वाढलेला असू शकतो. उलट दिशेनेही हा निर्देशक फसवतो : लोणची, सॉस आणि शीतपेये टिकवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सोडियम बेन्झोएटपासून हेच आम्ल बनते, चहा-कॉफी आणि फळांतील काही घटकांपासूनही बनते, त्यामुळे ज्याने कधी थिनरचा डबा उघडला नाही त्याच्याही लघवीत ते असतेच. अमेरिकेतील औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने टोल्युइनसाठी हा निर्देशक बाजूला ठेवून रक्तातील आणि लघवीतील मूळ टोल्युइन व त्यापासून शरीरात बनणारे ऑर्थो-क्रेसॉल यांचा स्वीकार केला आहे. रूपांतर झालेला पदार्थ आणि न झालेला मूळ द्रव, दोन्ही मोजले तरच खिडकी अडली आहे की मोकळी आहे हे कळते.

ज्या जागेत हे सर्व घडते तिचे वर्णन नियम करणाऱ्यांच्या मनात असते त्याहून वेगळे आहे. मुंबईतला गाळा म्हणजे खाली काम आणि वर पोटमाळा. धारावीत, साकीनाक्याला, जोगेश्वरीच्या फर्निचरच्या कामात किंवा मालाडच्या इमिटेशन दागिन्यांच्या व्यवसायात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान आणि आपल्या मराठवाड्यातून आलेला कारागीर पुष्कळदा त्याच पोटमाळ्यावर झोपतो. आठ तासांची मर्यादा ठरवताना एक गृहीत असते की उरलेले सोळा तास माणूस स्वच्छ हवेत राहील आणि शरीर साठलेले द्रव बाहेर टाकील. जो कारागीर बारा तास काम करून त्याच छताखाली, वाळत ठेवलेल्या मालाच्या वासात रात्र काढतो, त्याच्या बाबतीत ते गृहीतच कोसळते. चरबीत साठलेले झायलीन सावकाश बाहेर येते. ते पुरते बाहेर पडण्याआधी दुसऱ्या दिवसाचा डबा उघडलेला असतो. शारीरिक कष्टाने श्वासाचा वेग वाढतो आणि त्याबरोबर आत जाणारी वाफ वाढते. मुंबईच्या दमट उकाड्यात अंग घामाने ओले असते, आणि ओल्या त्वचेतून द्रव अधिक शिरतो. संध्याकाळी हाताला लागलेला रंग काढायला पुन्हा थिनरचाच बोळा वापरला जातो. तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीसाठीचा मास्क वाफ अडवू शकत नाही, त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर असलेला मास्क लागतो आणि तो कोळसा ठराविक काळाने बदलावा लागतो. कामगाराला गूळ किंवा दूध दिले म्हणजे विष उतरते, ही समजूत मायेपोटी रूढ झाली असेल, पण टोल्युइनवर त्यांचा काही परिणाम होत नाही. घरोघर चपलांचे अप्पर चिकटवणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर गाळा आणि स्वयंपाकघर एकच असते, आणि त्या खोलीत मुलेही वाढत असतात.

असा कामगार डोके जड होते, भूक लागत नाही, हातापायांना मुंग्या येतात म्हणून दवाखान्यात जातो. रक्ततपासणीत यकृताची विकरे वाढलेली निघतात, सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसते. डॉक्टर विचारतात, दारू पिता का. उत्तर हो असेल तर शोध तिथेच थांबतो. दारूने यकृत बिघडते यात शंका नाही. पण द्रावकांनीही यकृतात चरबी साठते, हे व्यावसायिक आरोग्याच्या शास्त्राने नोंदवलेले आहे, आणि दारू व द्रावक यांचा मार्ग एकच असल्याने एकाचे नाव सापडले म्हणून दुसरा निर्दोष ठरत नाही. क्षयरोगाच्या उपचारातील आयसोनिअझिड हे औषध याच २ई१ विकरावर परिणाम करते आणि यकृतालाही ताण देते. डोकेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या पॅरासिटामॉलच्या रूपांतरातही हे विकर भाग घेते आणि त्यातून निघणारा घातक अंश विकर वाढलेले असताना वाढू शकतो. क्षयरोग, देशी दारू, डोकेदुखीची गोळी आणि थिनर हे चौघे ज्या वस्तीत एकाच शरीरात भेटतात, तिथे दारूला व्यसन म्हणून बाजूला काढणे हे वैद्यकीय दृष्टीने चूक आहे. तिची नोंद दोषारोप म्हणून न करता संपर्काचा भाग म्हणून झाली पाहिजे. कामगाराला खरे सांगण्याची भीती वाटू नये, यासाठीही ते आवश्यक आहे.

यावर गाळेमालकांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो खोटा नाही. दहा-बारा माणसांच्या कारखान्याला हवामोजणी आणि रक्ततपासणी परवडणार नाही, सक्ती केली तर काम वसईला किंवा भिवंडीला जाईल, आणि तिथे ते याहून अंधाऱ्या खोल्यांत चालेल, असे ते म्हणतात. म्हणूनच बंदीची किंवा छाप्यांची मागणी मी करत नाही. मोजणीचा खर्च एकेका गाळ्यावर टाकणेच चुकीचे आहे. शीवला केंद्रीय श्रम संस्था आहे, औद्योगिक स्वच्छतेचे शास्त्र तिथे शिकवले जाते, आणि धारावी तिथून एका बसच्या अंतरावर आहे. एका गल्लीतील वीस गाळे सारखेच काम करत असतील तर त्यांपैकी दोन-तीन गाळ्यांची हवा मोजूनही उरलेल्यांविषयी पुष्कळ समजते. राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने ही गल्लीनिहाय मोजणी सरकारी खर्चाने हाती घ्यावी, आणि तिचा निष्कर्ष बेरजेच्या सूत्राने काढावा.

कायद्याची कक्षा हा त्यापुढचा प्रश्न आहे. १९४८ च्या अधिनियमात वीज वापरणाऱ्या जागेत दहा आणि न वापरणाऱ्या जागेत वीस कामगार असले तर तो कारखाना ठरत असे. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने या संख्या वीस आणि चाळीस केल्या. विषारी वाफेला मात्र कामगारसंख्येशी कर्तव्य नसते. चार माणसांच्या बंद खोलीत ती चारशे माणसांच्या उंच शेडपेक्षा दाट असते. धोकादायक काम चालणाऱ्या जागांना संख्येची अट न लावता कायदा लागू करण्याची मुभा संहितेने शासनाला दिलेली आहे, आणि द्रावकांचे मिश्रण बंद जागेत वापरणे हे असे काम आहे, असे शासनाने अधिसूचनेने स्पष्ट करावे, ही माझी ठाम मागणी आहे. मुंबई महापालिकेकडे १८८८ च्या अधिनियमातील ३९० आणि ३९४ या कलमांखाली परवान्याचे अधिकार आहेत. अग्निशमन दल थिनरचा ड्रम आगीचा धोका म्हणून तपासते. त्याच भेटीत तो श्वासाचा धोका म्हणूनही तपासता येईल, त्यासाठी वेगळे खाते काढावे लागणार नाही.

आणि डबा. मिश्रणातील प्रत्येक प्रमुख द्रवाचे नाव आणि टक्केवारी मराठीत व हिंदीत डब्यावर छापणे उत्पादकाला जड नाही, कारण ती त्याच्याकडे असतेच. मिश्रणाच्या प्रमाणाचे गुपित सांभाळायचे असेल तर टक्केवारीची कक्षा दिली तरी चालेल, पण हेक्झेन आणि कीटोन एकत्र आहेत की नाहीत हे लपवण्याचा हक्क कोणालाही असू नये. धारावीच्या पुनर्विकासाची आखणी चालू आहे. तिथे ज्या गाळ्यांना जागा मिळेल त्यांच्या नकाशात वाफ निघते तिथेच ती ओढून घेणारी नळी आणि कामाच्या जागेपासून भिंतीने वेगळी केलेली झोपण्याची जागा आताच दाखवली, तर तिचा खर्च इमारतीच्या खर्चात विरून जाईल. इमारती उभ्या राहिल्यावर ते कोणी करणार नाही.

तोवर एक गोष्ट उद्यापासून करता येण्याजोगी आहे. कामगार विमा योजनेच्या दवाखान्यात आणि महापालिकेच्या रुग्णालयात केसपेपरवर व्यवसाय या शब्दापुढे लेबर किंवा कारागीर एवढेच लिहिले जाते. त्या जागी रुग्ण कोणत्या डब्याने काम करतो, शक्य असल्यास त्या डब्याचा मोबाइलवर काढलेला फोटो, आणि तो रात्री कुठे झोपतो, एवढे लिहून घ्यावे.